6 व्या वर्षी हरवलेला भाऊ 23 व्या वर्षी कसा दिसत असेल? अनुमानचित्र करून घ्यावे का?

उंबरठा

माझा धाकटा भाऊ 6 वर्षांचा असताना रेल्वे स्थानकावरच्या गर्दीत आमच्यापासून सुटला, त्याला आता 17 वर्षे झाली. हरवल्याची तक्रार त्याच रात्री नोंदवली होती आणि ती आजही बंद झालेली नाही. मात्र तिला जोडलेले छायाचित्र त्याच्या पाचव्या वाढदिवसाचे आहे आणि आम्ही शोधतो आहोत तो 23 वर्षांचा तरुण आहे. वाढत्या वयाबरोबर चेहरा कसा बदलेल याचा अंदाज बांधून चित्र तयार करता येते, त्याला एज प्रोग्रेशन किंवा अनुमानचित्र म्हणतात, असे वाचनात आल्यापासून ते करून घ्यावे असे घरात घाटत आहे.

न राहवून मी मोबाईलवरची दोन ॲप वापरून पाहिली. पहिल्याने जे चित्र दिले त्यात डोळे, गाल आणि कपाळ लहान मुलाचेच राहिले होते आणि त्यावर दाढी चिकटवल्यासारखी दिसत होती, जणू नाटकात एखाद्या पोराला आजोबांचे काम दिले आहे. दुसऱ्याने एक देखणा तरुण दिला, पण तो कोणाचाही भाऊ शोभेल असा. अडचण अशी की आई ते दुसरे चित्र रोज उघडून पाहते आणि तिच्या मनात हळूहळू तोच माझा भाऊ होऊन बसला आहे.

म्हणून जाणकारांना विचारते. लहानपणापासून तारुण्यापर्यंतची सगळी वाढ मध्ये निघून गेलेली असताना तज्ज्ञाने काढलेल्या चित्रावर तरी कितपत विसंबावे? त्यासाठी आम्ही काय काय जमवावे? आमच्याकडे तीनच छायाचित्रे आहेत. एकात तो दोन वर्षांचा, आईच्या कडेवर आणि हललेला आहे. दुसरे वाढदिवसाचे, त्यात ओठ मिटलेले आहेत आणि फ्लॅशमुळे कपाळ पांढरे पडले आहे. तिसरे शाळेच्या वर्गाचे, ते मला अलीकडे एका नातेवाइकांकडे मिळाले. त्यात तो दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा आहे, शेजारच्या मुलाच्या डोक्यामागे त्याचा अर्धा गाल झाकला गेला आहे, पण तो मोकळेपणी हसतो आहे आणि वरच्या एका दाताची फट दिसते. मागे तारीख नाही. आणि शेवटचे, जे मला खरोखर छळते: चित्र चुकले, आणि लोक त्या चुकीच्या चेहऱ्याला शोधत बसले, तर आपण त्याला आणखी दूर तर ढकलत नाही ना?

रेघ

तपासयंत्रणांसाठी चेहऱ्यांची रेखाटने करण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो. अशा चित्राकडून हुबेहूब साम्याची अपेक्षा आम्ही स्वतःही ठेवत नाही. ते पाहून कोणाला तरी आपल्या ओळखीतला कोणी आठवावा आणि त्याने फोन उचलावा, एवढ्यासाठी ते काढलेले असते.

तुमच्या पहिल्या ॲपने नेमके काय चुकवले ते सांगतो, कारण त्यात या कामाचे मर्म आहे. जन्माच्या वेळी चेहऱ्याचा भाग संपूर्ण कवटीच्या साधारण एक अष्टमांश असतो आणि प्रौढपणी तो जवळजवळ निम्मा होतो. मेंदूभोवतीची कवटी सहाव्या वर्षापर्यंत बहुतेक वाढून झालेली असते, त्यामुळे त्यानंतर जे वाढते ते मुख्यतः डोळ्यांच्या खालचे. मी काम सुरू करताना दोन्ही बाहुल्यांमधून एक आडवी रेघ मारतो. लहान मुलाच्या चित्रात ती डोक्याच्या मध्याच्या बरीच खाली येते आणि प्रौढाच्या चित्रात जवळपास मध्यावर. रेघेच्या वर थोडेच हलवायचे असते, पण खालचा भाग खाली आणि पुढे ओढावा लागतो, नाकाचा दांडा उचलावा लागतो, जबडा लांबवावा लागतो, गालांची गोलाई उतरवावी लागते, आणि मुलगा असेल तर भुवयांवरचे हाड किंचित पुढे आणावे लागते. हे सगळे झाल्यावर डोळे आपोआप लहान वाटू लागतात, प्रत्यक्षात ते लहान झालेले नसतानाही. हाडांची ही वाढ न करता वरून दाढी रंगवली, की तुम्ही पाहिले तेच होते.

वाढ म्हणजे आकाराला नियमाने पडणारा ताण, ही कल्पना तशी जुनी आहे. डार्सी थॉम्पसन या जीवशास्त्रज्ञांनी 1917 मध्ये सजीवांच्या आकृत्यांवर चौकटींची जाळी टाकून, ती जाळी वाकवून एका आकारातून दुसरा आकार काढून दाखवला होता, आणि पुढे 1975 मध्ये पिटेंजर व शॉ या मानसशास्त्रज्ञांनी डोक्याच्या बाजूच्या रेषाकृतीला हृदयाच्या आकाराकडे झुकणारे एक साधे गणिती विरूपण दिले, तेव्हा पाहणाऱ्यांना तीच आकृती वयाने लहान किंवा मोठी भासू लागली. संगणकावर छायाचित्राचे वय वाढवण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी बर्सन या कलावंत बाईंना व त्यांच्या सहकाऱ्याला 1981 मध्ये मिळाले. म्हणजे ॲप येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे.

काय बदलत नाही, किंवा कमी बदलते, हे तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे. कानाचा आकार वाढतो, पण त्याच्या घड्यांची नक्षी आणि पाळी जोडलेली की सुटी हे तसेच राहते. डोळ्यांच्या कडांचा कल, भुवईतल्या केसांचे वळण, डोक्यावरचा भोवरा, हनुवटीची खाच, खोल व्रण, हे सारे कामाला येते. वर्गाच्या छायाचित्रात त्याचा एक तरी कान पूर्ण दिसत असेल तर ते माझ्या लेखी वाढदिवसाच्या छायाचित्रापेक्षा मोलाचे.

पण सगळ्यात मोठा आधार नातेवाइकांचा. तुमच्या आईवडिलांची आणि त्यांच्या भावंडांची 20 ते 25 या वयातली, समोरून काढलेली छायाचित्रे शोधा. लग्नाच्या अल्बमपेक्षा ओळखपत्रावरचे कंटाळवाणे छायाचित्र चांगले. 'तो कोणाच्या वळणावर गेला होता' असे घरात विचारले, की आई म्हणते माझ्या भावाच्या आणि आत्या म्हणते बापाच्या, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून मी एकूण तोंडवळा विचारतच नाही. डोळे कोणाचे, नाकाचे टोक कोणाचे, हसताना वरचा ओठ कोणासारखा जायचा, असे एकेक विचारत जातो आणि दोघांचे उत्तर जिथे जुळते तेवढेच पक्के धरतो.

अमेरिकेत 1984 साली स्थापन झालेली नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रेन ही संस्था हरवलेल्या मुलाचे चित्र साधारणपणे 18 वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दर पाच वर्षांनी नव्याने करते. त्या हिशेबाने तुमच्या भावाची आजवर सात चित्रे झाली असती. एकच चित्र काढून त्यावर वर्षानुवर्षे विसंबणे किती अपुरे आहे हे यावरून लक्षात येईल.

केसांविषयी एक. चेहऱ्यात नसलेली गोष्ट कुठून तरी आणावी लागते आणि ती उसनवारी कधी कधी अंगाशी येते. 2010 मध्ये एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेने ओसामा बिन लादेनचे वय वाढवलेले चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातले केस आणि कपाळ गास्पार यामासारेस या स्पॅनिश राजकारण्याच्या इंटरनेटवरील छायाचित्रातून घेतलेले निघाले, आणि ते चित्र मागे घ्यावे लागले. तुमच्या चित्रात केस आखूड आणि साधे असावेत, दाढीमिशा नसाव्यात आणि कपडे डोळ्यांत भरणारे नसावेत.

जाता जाता: जुन्या छायाचित्राचा मोबाईलने फोटो काढून कोणालाही पाठवू नका. ते स्कॅन करा, निदान 600 डीपीआयला (दर इंचाला 600 ठिपके) आणि वर्गाचे 1200 ला. काचेला चिकटलेले असेल तर ओढून सोडवू नका, काचेसकट स्कॅन करा.

दंतकथा

रेघ यांनी जबड्याबद्दल लिहिले आहेच, मी दातांपुरते बोलतो, कारण तुम्ही सहज उल्लेख केलेली ती फट मला महत्त्वाची वाटते. अनुमानचित्र काढणाऱ्याला छायाचित्रातले वय नेमके ठाऊक असणे फार आवश्यक असते, कारण पाचव्या वर्षापासून 23 पर्यंतची वाढ आणि सातव्या वर्षापासून 23 पर्यंतची वाढ यांत बराच फरक पडतो.

दुधाच्या दातांपैकी सहसा खालचे मधले दोन आधी पडतात आणि वरचे मधले त्यानंतर, बहुधा सहा ते सात वर्षांच्या दरम्यान. त्यामुळे वर्गाच्या छायाचित्रात वरच्या मधल्या दाताची फट दिसत असेल, तर ते वाढदिवसाच्या छायाचित्रापेक्षा बरेच अलीकडचे, कदाचित तो हरवण्याच्या थोडेच आधीचे असण्याची शक्यता आहे, आणि तसे असेल तर चित्राचा पाया तेच धरायला हवे. पण दात आपोआप पडला होता की पडझडीत निघाला होता, हे कळल्याशिवाय असे म्हणता येणार नाही. आईंना विचाराल का? कोणता दात, उजवा की डावा, तेही विचारा.

शून्यएक

चेहऱ्यांच्या संगणकीय विश्लेषणात काम करतो. दोन ॲपनी दोन टोकांची चित्रे का दिली, याचे उत्तर त्यांच्या घडणीत आहे.

मूळ युक्ती सोपी आहे. 1995 मध्ये रोलंड आणि पेरेट या संशोधकांनी दाखवले की एका वयोगटातल्या अनेक चेहऱ्यांची सरासरी काढावी, दुसऱ्या वयोगटाची काढावी, दोन सरासऱ्यांमधला आकाराचा आणि रंगाचा फरक घ्यावा आणि तो एखाद्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर चढवावा. 2014 पासून आलेली एकमेकांशी स्पर्धा करत शिकणारी न्यूरल जाळी (उदाहरणांवरून शिकणारे संगणकीय प्रोग्राम) हे काम फार बारकाईने करतात, परंतु त्यांच्यासमोर दोन अटी असतात, चेहरा ठरवलेल्या वयाचा वाटला पाहिजे आणि माणूस तोच वाटला पाहिजे. माणूस तोच आहे की नाही हे बहुधा चेहरा ओळखणारी दुसरी एक प्रणाली ठरवते, आणि तिचे शिक्षण बहुतांशी प्रौढांच्या छायाचित्रांवर झालेले असते. प्रौढाच्या हाडांचे प्रमाण फारसे बदलत नाही, म्हणून प्रमाण बदलले की ही प्रणाली 'हा वेगळा माणूस' असा शेरा मारते. मग प्रोग्राम हाडांना हात न लावता कातडीवर वय रंगवून मोकळा होतो. दुसऱ्या ॲपमध्ये या अटीचे वजन कमी ठेवलेले असावे, त्यामुळे तुमचा भाऊ विरघळून तरुणांची सरासरी उरली. सरासरी चेहरा देखणा दिसतो हे जुनेच निरीक्षण आहे, आणि आईंना तो आवडला यात नवल नाही.

शिकवण्यासाठी लागणारी सामग्री हा खरा अडसर आहे. एकाच व्यक्तीची बालपणापासूनची छायाचित्रे असलेला, वर्षानुवर्षे वापरला गेलेला एफजी-नेट हा संग्रह 82 व्यक्तींच्या 1,002 छायाचित्रांचा आहे. त्याउलट 2,000 प्रसिद्ध व्यक्तींचा दीड लाखाहून अधिक छायाचित्रांचा संग्रह आहे, पण ते बहुतेक प्रौढ, रंगभूषा केलेले आणि चांगल्या उजेडातले चेहरे आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या केमेलमाखर-श्लिझरमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये सुमारे 40,000 छायाचित्रांवरून वयोगटांच्या सरासऱ्या काढून, उजेडातला फरकही हिशेबात धरून, लहान मुलाच्या एकाच छायाचित्रावरून पुढची वये दाखवली होती. ते काम मला आजही प्रामाणिक वाटते, कारण सरासरी मुलात जो बदल होतो तो या मुलात झाला तर काय दिसेल, एवढेच ते सांगते.

तुमचा भाऊ सरासरी जगला की नाही हे कोणतेही जाळे सांगू शकत नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने 2012 मध्ये 69 वर्षांच्या एका माणसाचे छायाचित्र छापले होते, ज्याने 28 वर्षे मालवाहू गाडी चालवली होती. खिडकीतून ऊन लागणारा, म्हणजे डावा गाल खोल सुरकुत्यांनी लोंबलेला आणि उजवा बराच तुकतुकीत, एकाच चेहऱ्याचे दोन भाग वेगवेगळ्या वयांचे वाटत होते. 23 व्या वर्षी सुरकुत्यांचा प्रश्न नाही, पण पोषण, वजन, दातांची निगा आणि उन्हातले कष्ट यांची छाप तोवर पडायला लागलेली असते.

एक इशारा देणे आवश्यक वाटते. तयार झालेले चित्र खरे छायाचित्र असल्यासारखे चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीत घालून जुळणी करू नये, कारण चित्रकाराने किंवा यंत्राने जे कल्पिले त्याच्याशी मिळतेजुळते चेहरे ती इमानेइतबारे शोधून देईल. मूळ छायाचित्रच द्यावे. मुलांच्या बाबतीत याच्याही मर्यादा आहेत. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2 ते 18 वयाच्या 919 मुलांची 3,682 छायाचित्रे काही वर्षांच्या अंतराने तपासली होती, आणि अंतर वाढत गेले तशी ओळख ढासळत गेली. तिथे सहा वर्षांपर्यंतचे अंतर होते, तुमच्याकडे 17 आहे. चित्राऐवजी चेहऱ्याच्या आकडेवारीतल्या वर्णनाचेच वय वाढवायचे असा एक मार्ग संशोधक अलीकडे चोखाळत आहेत, पण तो अजून घरगुती वापराचा नाही.

आणि कृपया त्याचे छायाचित्र आणखी फुकट ॲपमध्ये टाकू नका. ते कुठे साठते याची आपल्याला काहीच कल्पना नसते.

पडताळा

मी चेहरे ओळखण्याच्या मानसशास्त्राचा अभ्यास करते आणि इथे थोडा मतभेद नोंदवणे माझे कर्तव्य समजते. उंबरठा यांचा तिसरा प्रश्न वरच्या प्रतिसादांत बाजूला पडला आहे, आणि तोच सर्वांत योग्य प्रश्न आहे.

अनुमानचित्रांचा उपयोग होतो की नाही, हे प्रयोगांनी तपासले गेले आहे आणि निष्कर्ष फारसे उत्साहवर्धक नाहीत. मानसशास्त्रज्ञ जेम्स लॅम्पिनन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, वय वाढवलेले चित्र पाहिलेल्या लोकांनी नुसते जुने छायाचित्र पाहिलेल्या लोकांपेक्षा खात्रीने चांगली ओळख पटवली असे दिसले नाही. चार्मन आणि कॅरल यांनी 2012 मध्ये याहून पुढचा मुद्दा मांडला, की अशा चित्राने कधी कधी ओळख बिघडते. कारण समजायला कठीण नाही. जुने छायाचित्र पाहणारा मनात काही तरी शोधत राहतो, ठरवून कोणाला बसवत नाही. 23 वर्षांच्या तरुणाचे नेटके चित्र पाहणाऱ्याला मात्र त्याच्यासारखे दिसणारे अनेक तरुण आठवतात, आणि त्या गर्दीत खरा माणूस हरवतो. रेघ म्हणतात तसा फोन उचलला जातो खरा, पण उचलले जाणारे बरेच फोन चुकीच्या माणसाबद्दलचे असतात.

शिवाय खऱ्या छायाचित्रांनीसुद्धा अनोळखी चेहरा ओळखणे आपल्याला वाटते त्यापेक्षा फार अवघड आहे. जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दोन व्यक्तींची प्रत्येकी 20 अशी 40 छायाचित्रे लोकांपुढे ठेवून, यांत माणसे किती आहेत त्याप्रमाणे गठ्ठे करा, असे सांगितले. ते चेहरे ओळखीचे नसलेल्या लोकांनी सरासरी सात ते आठ गठ्ठे केले. ज्यांना ते चेहरे ओळखीचे होते त्यांना दोन गठ्ठे करण्यात जवळजवळ काहीच अडचण आली नाही. खरी छायाचित्रे हातात असताना ही स्थिती, मग कल्पित चित्राकडून किती मागायचे?

म्हणून मी उलटा प्रश्न विचारते. हे चित्र पाहून त्याला कोण ओळखणार आहे? आज त्याच्या आसपास असलेल्यांपैकी ज्यांच्या मनात काही शंका असेल, त्यांनी तो पहिल्यांदा आला तेव्हाचा मुलगा पाहिलेला आहे. त्यांच्या आठवणीत सहा वर्षांचा चेहरा आहे. आणि ओळखण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेला माणूस म्हणजे तो स्वतः. सहाव्या वर्षी माणसाला घर, माणसे, एखादा सदरा, काही ना काही आठवत असते. अमेरिकेत 1987 मध्ये अवघ्या काही दिवसांची असताना पळवली गेलेली एक मुलगी मोठेपणी आपल्या जन्माविषयी शंका येऊन हरवलेल्या मुलांची छायाचित्रे धुंडाळू लागली, एका बाळाच्या छायाचित्रात तिला स्वतःचे बालपण दिसले, आणि 2011 मध्ये डीएनए तपासणीने ते खरे ठरले. तिने ओळखला तो बाळाचा चेहरा. तुमच्या पत्रकावर वय वाढवलेले चित्र असो वा नसो, मूळ छायाचित्र मोठे आणि पहिले असलेच पाहिजे.

रेघ

पडताळा यांनी सांगितलेले प्रयोग मला माहीत आहेत आणि मी त्यांच्याशी भांडणार नाही. तरी एक दाखला दुसऱ्या बाजूचा देतो. 1971 मध्ये न्यू जर्सीत स्वतःच्या कुटुंबाची हत्या करून फरार झालेला जॉन लिस्ट 18 वर्षांनी, 1989 मध्ये सापडला, तो फ्रँक बेंडर या शिल्पकाराने घडवलेला त्याचा वयस्क अर्धपुतळा दूरचित्रवाणीवर दाखवल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत. बेंडर यांनी त्याचा स्वभाव अभ्यासून त्याला जाड चौकटीचा चष्मा दिला होता, आणि पकडला गेला तेव्हा त्याचा चष्मा खरोखर तसाच होता. त्याच्या एका पूर्वीच्या शेजारणीने त्याला ओळखले.

पडताळा

चांगला दाखला आहे, पण तो माझ्या बाजूचाही आहे. लिस्ट 46 व्या वर्षी पळाला, म्हणजे हाडे घडून झालेली होती. ओळखणारी व्यक्ती त्याला प्रत्यक्ष ओळखत होती. आणि कार्यक्रमात अर्धपुतळ्याबरोबर त्याच्या सवयींचेही वर्णन होते. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत यांतली पहिली गोष्ट नाहीच. चित्र करू नका असे माझे म्हणणे नाही. करायचे तर दोन वेगवेगळ्या चित्रकारांकडून, एकमेकांना न दाखवता करून घ्या. त्या दोघांत जे समान येईल ते तुमच्या भावाबद्दल काही सांगते आणि जे वेगळे येईल ते चित्रकारांबद्दल.

रेघ

हे मात्र मान्य. भरीला मी असे सुचवीन की एकाच चित्राच्या दोन आवृत्त्या ठेवाव्यात, एक भरल्या अंगाची आणि एक उतरलेल्या चेहऱ्याची. शेजारी मूळ छायाचित्र, आणि खाली स्पष्ट शब्दांत 'अनुमानित'. दोन चेहरे एकत्र दिसले की पाहणारा आपोआप एकाच चेहऱ्याला चिकटून बसत नाही. आईंनाही दोन्ही एकदमच दाखवा.

पाठपुरावा

चित्राच्या चर्चेत एक गोष्ट राहू नये. आईवडिलांचे डीएनए नमुने तपासयंत्रणेकडे नोंदले गेले आहेत का, हे आधी पाहा, कारण उद्या कोणी सापडलाच तर 'तोच का' हे चेहरा ठरवणार नाही. अर्जेंटिनातल्या प्लाझा दे मायोच्या आज्यांकडे पाहण्यासारखे आहे. 1977 पासून त्या लष्करी राजवटीने हिरावलेली आपली नातवंडे शोधत आहेत. त्यांतली बरीच बंदिवासात जन्मलेली, त्यामुळे त्यांची छायाचित्रेच नव्हती. त्यांच्या पाठपुराव्यातून 1987 मध्ये राष्ट्रीय जनुकीय माहितीकोश उभा राहिला आणि आजवर 130 हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. तुमचे आईवडील आज आहेत, नमुने आजच देता येतील. मुलगा देशाबाहेर गेल्याची शंका असेल तर इंटरपोलची पिवळी नोटीस याच कामासाठी असते, ती मागण्याचा अर्ज पोलिसांमार्फतच करावा लागतो.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. डीएनए नमुने कधी दिलेच नव्हते, कोणी मागितले नाहीत आणि आम्हालाही सुचले नाही. बाबांचे 24 व्या वर्षीचे नोकरीच्या ओळखपत्राचे छायाचित्र सापडले, समोरून काढलेले आणि रेघ म्हणतात तसेच कंटाळवाणे. डोळे बाबांचे यावर आई आणि आत्या या दोघींचे प्रथमच एकमत झाले आहे. हनुवटीवरून वाद चालू आहे.

दंतकथा, आईला दाताबद्दल विचारले. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, वरचा, मधला, डावा. चार वर्षांचा असताना तो जिन्यावरून घसरला होता आणि तो दात मुळासकट निघाला होता. म्हणजे तुमचा वयाचा अंदाज त्यावरून लागणार नाही, नाही का? वाढदिवसाच्या छायाचित्रातही ती फट असणार, ओठ मिटलेले आहेत म्हणून दिसत नाही इतकेच.

दंतकथा

वरच्या फटीवरून आता वय ठरणार नाही, बरोबर. वर्गाचे छायाचित्र 1200 डीपीआयला स्कॅन केले असेल तर खालचे मधले दोन दात मोठे करून पाहा. दुधाचे दात छोटे, पांढरेशुभ्र असतात, तर नुकतेच आलेले कायमचे दात शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे रुंद आणि किंचित पिवळसर दिसतात, आणि त्यांची कड करवतीसारखी असते.

दुसरे, हे अधिक महत्त्वाचे. चार वर्षांच्या सुमारास वरच्या कायमच्या दाताचे शीर्ष दुधाच्या दाताच्या मुळालगत, हाडात घडत असते. त्या वयात दुधाचा दात मुळासकट निघतो तेव्हा वरून येणाऱ्या कायमच्या दाताच्या लुकणाला (इनॅमलला, म्हणजे वरच्या कठीण आवरणाला) इजा होऊ शकते, आणि मग त्यावर पांढरा किंवा पिवळट तपकिरी डाग राहतो, किंवा दात उशिरा वा तिरका येतो. तसे झालेच असेल असे नाही, पण झाले असेल तर वरचा डावा मधला दात ही त्याची 23 व्या वर्षीही टिकलेली खूण असेल, जी कोणत्याही अनुमानचित्रात येणार नाही. चित्रात मात्र ती काढायला सांगू नका, ओठ मिटलेलेच असू द्या. ती लेखी वर्णनात जायला हवी.

उंबरठा

आत्ताच पाहिले. कड करवतीसारखी आहे की नाही ते कळण्याइतके स्पष्ट नाही, पण खालचे मधले दोन दात बाजूच्यांपेक्षा नक्कीच रुंद आहेत, अगदी न सांगता लक्षात येतील इतके. वाढदिवसाच्या वेळी ते आलेले नव्हते हे आईला पक्के आठवते, कारण तिथला पहिला दुधाचा दात हलायला लागला तो त्यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे वर्गाचे छायाचित्रच शेवटचे. इतकी वर्षे तक्रारीला जोडलेले होते ते दुसरेच.

तक्रारीतले वर्णन पुन्हा वाचले. रंग, उंची, सदऱ्याचा रंग आणि उजव्या गुडघ्यावरचा व्रण एवढेच आहे, दाताचा उल्लेख नाही. उद्या सकाळी आईला घेऊन पुरवणी जबाब द्यायला जाते, वर्गाच्या छायाचित्राचा स्कॅन बरोबर नेईन आणि डीएनए नमुन्यांचा अर्जही तिथेच देईन. रेघ, चित्रासाठी तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.